मिशन दौऱ्यासाठी परदेशी जाताना : लसी, मलेरियाच्या गोळ्या आणि परतल्यावरचा ताप

मंडळीच्या तरुण संघाबरोबर दोन-तीन आठवड्यांसाठी केनिया, युगांडा, इथिओपिया किंवा नेपाळला सेवेसाठी जाणारे आणि त्यांच्या घरची माणसे, अशा दोघांसाठी हा लेख आहे. लेख लांब आहे, म्हणून सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो. आफ्रिकेतून परत आल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप आला, तर त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, "मी अमुक देशात जाऊन आलो आहे." बाकीचे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

आपल्या जालना जिल्ह्याला मिशनचे काम नवे नाही. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वस्ती वसवली ती एकोणिसाव्या शतकात. त्या काळी मिशनरी बाहेरून इकडे येत. आता इकडची मुलेही बाहेर जातात. तीर्थपुरी, घनसावंगी, अंबड अशा भागातला एखादा मुलगा किंवा मुलगी पहिल्यांदा पासपोर्ट काढते ती अशाच दौऱ्यासाठी. पर्यटक हॉटेलात राहतो, गाडीतून फिरतो. तुम्ही मात्र गावात, लोकांच्या घरी किंवा शाळेच्या खोलीत राहणार, त्यांच्या पंगतीला जेवणार, आजाऱ्यांच्या उशाशी बसून प्रार्थना करणार, बालगृहातल्या मुलांना उचलून घेणार. त्यामुळे पर्यटकांसाठी लिहिलेली माहिती तुम्हाला पुरी पडत नाही.

"आपल्याला सवय आहे" हा गैरसमज

दौऱ्याला निघालेल्या माणसाला मलेरियाच्या गोळ्यांचे सांगितले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते, "डॉक्टरसाहेब, आपण काय गोरे लोक आहोत का? डासांची आपल्याला सवय आहे."

डास चावण्याची सवय असते, मलेरियाची नाही. मलेरियाविरुद्ध थोडीफार प्रतिकारशक्ती येते ती लहानपणापासून पुन्हा पुन्हा मलेरिया होऊन गेलेल्यांना. तीही पूर्ण नसते आणि तो भाग सोडून काही काळ गेला की ओसरते. आपल्या भागात वाढलेल्या तरुणाला बहुधा आयुष्यात एकदाही मलेरिया झालेला नसतो. आफ्रिकेतल्या परजीवीपुढे त्याचे शरीर लंडनहून आलेल्या माणसाच्या शरीराइतकेच कोरे असते.

शिवाय तिथला मलेरिया जास्त घातक आहे. आपल्याकडे पूर्वी जो थंडी वाजून एक दिवसाआड येणारा ताप लोकांनी पाहिला, तो बराचसा व्हायवॅक्स जातीचा. आफ्रिकेत प्रामुख्याने फाल्सिपॅरम आढळतो. तो मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुस यांवर हल्ला करू शकतो. जगभर मलेरियाने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत होतात आणि त्यात पाच वर्षांखालील मुले सर्वांत जास्त असतात.

"देवाच्या कामाला चाललोय, प्रभू सांभाळील," असेही काही जण म्हणतात. त्यांच्या श्रद्धेचा मला आदर आहे. पण पौलाच्या सोबत्यांपैकी लूक हा वैद्य होता, हेही मी त्यांना आठवण करून देतो.

तयारी कधी सुरू करायची?

तिकीट निघण्याची वाट पाहू नका. जाण्याचे ठरले की लगेच, म्हणजे निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटा. काही लसींना दोन-तीन डोस लागतात आणि काहींचा परिणाम सुरू व्हायला दिवस जातात. येताना फक्त देशाचे नाव सांगू नका. कोणत्या भागात जाणार, कोणत्या महिन्यात, किती दिवस, राहायची सोय कुठे, काम काय, हे पाळकसाहेबांकडून किंवा संस्थेकडून लिहून आणा. काठमांडूत मलेरिया नाही, नेपाळच्या तराईत थोडा धोका आहे. त्यामुळे "नेपाळ" एवढ्या माहितीवर डॉक्टर नीट सल्ला देऊ शकत नाही.

पीतज्वर म्हणजे यलो फीव्हर. ही लस सर्वांत आधी हाती घ्या, कारण ती गावात किंवा तालुक्याला मिळत नाही. केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या ठराविक केंद्रांवरच ती देतात. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या यादीत आपल्याला जवळचे केंद्र पाहावे आणि आधी नाव नोंदवावे. लसीची कुपी एकदा उघडली की लगेच संपवावी लागते, म्हणून बऱ्याच केंद्रांवर ठराविक वारीच लस देतात. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेचे केंद्र आहे. जालन्याहून रात्रीच्या देवगिरीने गेलात तर काम एका दिवसात आटोपते. मूळ पासपोर्ट बरोबर लागतो. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते, म्हणजे निघण्याच्या आदल्या आठवड्यात घेतलेल्या लसीचा कागदावर उपयोग नाही. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालते. जुने पिवळे कार्ड दहा वर्षांपूर्वीचे असले तरी ते बाद झालेले नाही.

हे प्रमाणपत्र जाताना लागतेच, पण परत येताना त्याहून जास्त लागते. भारतात पीतज्वर नाही, पण तो पसरवणारा एडिस डास घराघरात आहे. म्हणून केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया अशा देशांतून प्रमाणपत्राशिवाय आलेल्या प्रवाशाला आपल्या विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. सुई न टोचता कार्ड आणून देतो असे एखादा एजंट म्हणाला, तर त्याच्या नादी लागू नका. हा गुन्हा तर आहेच, शिवाय तुम्ही लस न घेताच जाणार आणि पीतज्वरावर नेमके औषध नाही.

ही जिवंत विषाणूची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी, गरोदरपण, अंगावर दूध पिणारे बाळ, एचआयव्हीमुळे कमी झालेली प्रतिकारशक्ती, कर्करोगाची किंवा स्टेरॉइडची औषधे चालू असणे, थायमस ग्रंथीचा आजार, यांपैकी काहीही असेल तर केंद्रावर आधी सांगा. वय साठच्या वर असेल आणि पहिल्यांदाच लस घेत असाल, तर दुर्मिळ पण गंभीर दुष्परिणामांची शक्यता थोडी वाढते. अशा ज्येष्ठांनी जाणे खरेच गरजेचे आहे का, हा प्रश्न घरात बसून मोकळेपणाने विचारावा.

बाकीच्या लसींबद्दल थोडक्यात. विषमज्वराची नवी संयुग्म लस एका डोसची आहे, ती घ्या. धनुर्वाताचा डोस दहा वर्षांत झाला नसेल तर टीडी घ्या. हेपटायटिस बीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. वेळ कमी असेल तर जलद वेळापत्रक आहे, डॉक्टरांना विचारा. हेपटायटिस ए आपल्या खेड्यांत लहानपणीच होऊन गेलेला असतो, तो पुन्हा होत नाही. शहरात बाटलीबंद पाण्यावर वाढलेल्या मुलांना मात्र ही लस लागू शकते. गोवराचे दोन डोस झालेत का, ते आईकडे किंवा जुन्या कार्डावर पाहा. डिसेंबर ते जूनच्या काळात सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या कोरड्या पट्ट्यात जाणार असाल, तर मेंदूज्वराची मेनिंगोकोकल लस घ्यावी. जिथे कुत्रा चावल्यावर इंजेक्शन मिळायला दिवस लागेल अशा दुर्गम गावात राहणार असाल, तर रेबीजची पूर्वलस दोन डोसमध्ये, ० आणि ७ व्या दिवशी, घेता येते. ती घेतली तरी कुत्रा चावल्यावर पुढचे डोस घ्यावेच लागतात.

मलेरियाच्या गोळ्या

मलेरियाची लस आता आफ्रिकेतल्या लहान मुलांना देतात, पण ती प्रवाशांसाठी नाही. तुमच्यासाठी गोळ्याच. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या सूचनेप्रमाणे सहा आठवड्यांपेक्षा कमी मुक्कामासाठी डॉक्सिसायक्लिन वापरतात. मोठ्या माणसाला रोज १०० मिलिग्रॅमची एक गोळी. निघण्याच्या दोन दिवस आधी सुरू करायची, तिथे रोज घ्यायची आणि परत आल्यावर पूर्ण चार आठवडे चालू ठेवायची.

लोक चुकतात ते शेवटच्या चार आठवड्यांत. घरी आलो, आता कशाला गोळी, असे वाटते. पण शेवटच्या रात्री चावलेल्या डासाने सोडलेले परजीवी आधी यकृतात वाढतात आणि मग रक्तात उतरतात. डॉक्सिसायक्लिन मुख्यतः रक्तात उतरलेल्या परजीवीला मारते. ते उतरेपर्यंत गोळी रक्तात असायला हवी.

ही गोळी जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. दुधाबरोबर, लोहाच्या किंवा ॲसिडिटीच्या गोळीबरोबर घेऊ नका. उन्हात त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते, म्हणून लांब बाह्या आणि टोपी हवी. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुलांना ही देत नाहीत. जास्त दिवसांच्या मुक्कामासाठी मेफ्लोक्विन ही आठवड्यातून एकदा घेण्याची गोळी आहे, पण फिट्स, नैराश्य किंवा इतर मानसिक आजार, हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असलेल्यांनी ती घेऊ नये. घरात कुणाला सांगायचे नाही म्हणून मानसिक आजाराची औषधे लपवली जातात. डॉक्टरांपासून तरी लपवू नका.

गोळ्यांनीही शंभर टक्के संरक्षण मिळत नाही. औषध भिजवलेली मच्छरदाणी लावा, संध्याकाळपासून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, उघड्या त्वचेवर डास पळवणारे मलम लावा. संध्याकाळच्या प्रार्थनासभा उघड्यावर होतात, तीच मलेरियाच्या डासाची वेळ. होमिओपॅथीच्या गोळ्यांनी किंवा काढ्याने मलेरिया टळत नाही.

पाणी

मराठी मुलखातल्या मिशनच्या इतिहासात या विषयाची एक दुःखद नोंद आहे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईत आले. १८२६ च्या मार्चमध्ये ते नाशिककडे गेले तेव्हा तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्यांनी आजाऱ्यांना वाटली. परतीच्या वाटेवर त्यांनाच पटकी झाली आणि २० मार्चला काही तासांत ते वारले. त्यांच्याबरोबरचे सॅम्युअल न्यूवेल १८२१ मध्ये मुंबईत पटकीनेच गेले होते. तेव्हा शिरेतून सलाइन नव्हते आणि मीठ-साखरेच्या पाण्याची जाणही नव्हती. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच पाणी पाजून हजारोंना वाचवले, तेव्हा जगाला त्याची किंमत कळली.

तुमच्या सामानात प्रत्येकी दहा ओआरएस पाकिटे असू द्या. पाकीट संपले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पाणी उकळलेले किंवा सीलबंद प्या. बर्फ, कापून ठेवलेली फळे, कच्ची कोशिंबीर टाळा. यजमानाने प्रेमाने पुढे केलेला पेला नाकारणे जड जाते, ते मला कळते. चहा मागा. उकळलेला असतो, आणि कुणाचा मानही मोडत नाही. जुलाबात रक्त पडले, ताप आला, उलट्यांमुळे पाणी टिकेना किंवा लघवी कमी झाली, तर वाट न पाहता डॉक्टर गाठा.

तळ्यातला बाप्तिस्मा

ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते. व्हिक्टोरिया, मलावी अशा आफ्रिकेतल्या गोड्या पाण्याच्या सरोवरांत, तळ्यांत, संथ ओढ्यांत शिस्टोसोमा नावाचा परजीवी असतो. तो गोगलगाईतून पाण्यात सुटतो आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या अखंड त्वचेतून शरीरात शिरतो. जखम असावी लागत नाही, पाणी प्यावे लागत नाही, दहा-पंधरा मिनिटे पाण्यात उभे राहणे पुरते. काहींना चार ते आठ आठवड्यांनी ताप, खोकला, अंगावर गांधी येतात. काहींना काहीच होत नाही आणि वर्षांनी लघवीतून रक्त जाऊ लागते किंवा यकृत बिघडते. भारतात हा आजार जवळपास नाहीच. रत्नागिरी जिल्ह्यातले गिमवी हे त्याची नोंद झालेले विरळ ठिकाण. त्यामुळे इथला डॉक्टर आपणहून याचा विचार करणार नाही.

तिथल्या नव्या विश्वासणाऱ्यांचा बाप्तिस्मा सरोवरात असेल आणि तुम्हाला कमरेएवढ्या पाण्यात मदतीला उभे राहायला सांगितले, तर काठावरून मदत करा. पाण्यात गेलाच असाल, तर परतल्यावर दोन-तीन महिन्यांनी लघवी, शौच आणि रक्ताची तपासणी करा. प्राझिक्वांटेल नावाच्या औषधाने हा आजार बरा होतो.

आपण काय घेऊन जातो?

आतापर्यंत तिकडून काय लागू शकते ते सांगितले. इकडून आपण काय नेतो, याचा विचार त्याहून कमी होतो.

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये हैतीत कित्येक पिढ्यांनी पटकी आली. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतल्या नेपाळी तुकडीच्या छावणीतले मैलापाणी नदीत गेले होते. सुमारे आठ लाख लोकांना लागण झाली, दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. आपल्या लोकांनी हवे ते केले नाही, अशी कबुली संयुक्त राष्ट्रांनी २०१६ मध्ये दिली. त्या सैनिकांपैकी कुणाच्या मनात वाईट नव्हते.

जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, असे काही असेल तर जाण्याआधी थुंकीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. बालगृहात कुपोषित किंवा एचआयव्हीबाधित मुले असू शकतात. त्यांना गोवर, कांजिण्या किंवा क्षय देऊन येणे ही कसली सेवा? अंगावर ताप-खोकला असेल त्या दिवशी मुलांत जाऊ नका, मागे राहून स्वयंपाकात हात लावा.

साखर आणि रक्तदाब असलेल्यांनी

दौऱ्यात तरुणांबरोबर पन्नाशी-साठीचे पाळक आणि वडीलधारेही असतात. औषधे दुप्पट दिवसांची घ्या आणि ती हातातल्या बॅगेत ठेवा, विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत नको. इन्सुलिन तिथे गोठू शकते आणि बॅग हरवू शकते. औषधाच्या मूळ नावासह डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा. आखाती देशांतून विमान बदलणार असाल तर ट्रामाडॉल, कोडीन असलेले खोकल्याचे औषध, झोपेच्या गोळ्या यांवर तिथे कडक बंधने आहेत, विनापरवाना नेऊ नका. केनिया-युगांडाची वेळ आपल्यापेक्षा अडीच तासच मागे आहे, त्यामुळे गोळ्यांच्या वेळा फार बदलाव्या लागत नाहीत.

घोटाळा होतो तो उपास-प्रार्थनेच्या दिवशी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दिवसभर उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली येते. घाम, थरथर, बरळणे, बेशुद्धी. दूरच्या गावात रात्री हे झाले तर सोबत्यांना वाटते माणूस आत्म्याने भरला आहे किंवा थकला आहे, आणि तेवढ्यात वेळ जातो. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या औषधावर असलेल्यांना लांब उपासात वेगळाच धोका आहे, रक्तात आम्ल साठते. मधुमेह असेल तर उपास करायचा की नाही, कोणती गोळी वगळायची, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहून घ्या. खिशात साखरेची पुडी ठेवा आणि निदान दोन सोबत्यांना आपला आजार सांगून ठेवा.

तिथे गेल्यावर काय करू नये

तुम्ही डॉक्टर किंवा नर्स नसाल, तर औषध देऊ नका, इंजेक्शन देऊ नका, जखमेला टाके घालणाऱ्याच्या हाताशीही उभे राहू नका. इथे, तीर्थपुरीत, जे काम तुम्हाला कुणी करू देणार नाही, ते परक्या गावात करायला मिळते म्हणून करू नये. वापरलेली सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि लगेच, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत, एचआयव्ही प्रतिबंधक औषध सुरू करा. ते २८ दिवस घ्यावे लागते.

आरोग्य शिबिर असेल तर एक प्रश्न संस्थेला आधीच विचारा : आपण गेल्यावर या माणसाची रक्तदाबाची गोळी कोण देणार? पंधरा दिवसांची गोळी वाटून निघून जाण्याने रक्तदाब सुधारत नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० पासून जे उभे केले, त्याचा पाया गावातल्याच बायका होत्या. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, त्या आरोग्यसेविका झाल्या आणि गावातच राहिल्या. १९७९ मध्ये आरोळेंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जिथे जाल तिथे अशी कुणी स्थानिक सेविका असेल, तर तिच्या हाताखाली काम करा.

रस्त्यावरचा अपघात हा तरुण प्रवाशांच्या मृत्यूचे मोठे कारण आहे. रात्रीचा प्रवास, पिकअपच्या मागच्या भागात बसून जाणे, हेल्मेटशिवाय मोटारसायकल-टॅक्सी, हे तिन्ही टाळा. प्रवास विम्यात दुसऱ्या शहरात किंवा देशात हलवण्याचा खर्च धरला आहे का, ते वाचून पाहा. रक्तगट आणि घरचा फोन नंबर पासपोर्टबरोबर ठेवा.

परतल्यावर आलेला ताप

आता घरच्यांनी नीट वाचावे, कारण या वेळी निर्णय बहुधा तुम्हीच घेणार.

मुलगा परत येऊन पंधरा दिवस झाले. एका संध्याकाळी ताप, डोके दुखते, अंग मोडून आले, एक-दोन जुलाब. घरचे म्हणतात प्रवासाचा शीण, हवा बदलली. जवळच्या दवाखान्यात सलाइन लागते, विडाल तपासणी होते. विडाल अनेकदा विनाकारण "पॉझिटिव्ह" येते, आधी विषमज्वर होऊन गेलेला असला तरीही. टायफॉइडचे औषध सुरू होते. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे, पाचव्या दिवशी मुलगा बरळू लागतो. मग घाटी. ही एका कुणाची गोष्ट नाही, आफ्रिकेतून आलेला फाल्सिपॅरम जगभर साधारण याच वाटेने अंगलट येतो. आपल्या भागात मलेरिया कमी झाल्यामुळे डॉक्टरच्या मनात तो पहिल्यांदा येत नाही. प्रवासाची माहिती मिळाली तरच तो येतो, आणि ती माहिती फक्त तुमच्याकडे असते.

थंडी वाजून, ठराविक वेळीच ताप यायला हवा, हे खरे नाही. फाल्सिपॅरममध्ये ताप कसाही येतो. कधी फक्त पोट बिघडल्यासारखे वाटते. गोळ्या नीट घेतल्या होत्या म्हणूनही तपासणी टाळू नका. मलेरियाच्या भागात पाय ठेवल्यापासून पहिल्या सात दिवसांत आलेला ताप मात्र मलेरियाचा नसतो, तेव्हा डेंग्यू, फ्लू यांचा विचार करावा लागतो.

तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. झटपट चाचणीची पट्टी आणि काचपट्टीवरचा रक्ताचा नमुना, दोन्ही मागा. इथिओपिया, एरिट्रियाकडच्या काही फाल्सिपॅरम परजीवींमध्ये पट्टी जे प्रथिन शोधते तेच नसते, त्यामुळे पट्टी चुकीने निगेटिव्ह येऊ शकते. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप टिकला तर १२ ते २४ तासांनी पुन्हा रक्त तपासा, असे एकूण तीनदा. फाल्सिपॅरम एका दिवसातही गंभीर होऊ शकतो, म्हणून "उद्या बघू" नको.

मलेरिया निघालाच तर देशाचे नाव पुन्हा सांगा, कारण औषधाची निवड त्यावर ठरते. भारताच्या बऱ्याच भागात फाल्सिपॅरमसाठी आर्टेसुनेटबरोबर सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन देतात. पूर्व आफ्रिकेतला परजीवी या दुसऱ्या औषधाला फारशी दाद देत नाही, तिथून आलेल्याला आर्टेमेथर-लुमेफॅन्ट्रिन योग्य ठरते. डॉक्टरांना शंका असेल तर जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी बोलता येते. तपासणी होईपर्यंत तापासाठी पॅरासिटामॉलच द्या. डेंग्यूची शक्यता असते तोवर आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको.

पुढीलपैकी काहीही दिसले तर गावात थांबू नका, थेट अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात न्या : बरळणे किंवा फार झोप येणे, फिट, कावीळ, दम लागणे, काळपट किंवा कमी लघवी, पाणीही न टिकणारी उलटी, उभे राहता न येणे. तिथे शिरेतून आर्टेसुनेट सुरू करावे लागते आणि ते जितके लवकर तितके चांगले.

दौऱ्याच्या काळात त्या देशात इबोलासारखी साथ चालू असेल, जशी युगांडात २०२२ मध्ये होती, तर परतल्यावर २१ दिवस स्वतःच्या तापावर लक्ष ठेवा. या दिवसांत ताप आला तर दवाखान्याच्या रांगेत जाऊन बसू नका, आधी फोन करा.

मलेरियाची मुदत तीन महिन्यांवर संपत नाही. व्हायवॅक्स आणि आफ्रिकेतला ओव्हॅले हे यकृतात लपून बसतात आणि सहा महिन्यांनी, वर्षानेही उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनचा वेगळा कोर्स लागतो आणि तो देण्याआधी जी-६-पीडी ही तपासणी करणे चांगले. म्हणून परतल्यानंतर पूर्ण वर्षभर, कोणत्याही तापासाठी कोणत्याही डॉक्टरकडे गेलात, तरी दौऱ्याच्या तारखा आणि देशाचे नाव केसपेपरवर वरच लिहून घ्या.